टीबीची तपासणी : निकाल दोन तासांत, मग गोळी कधी?

प्रश्न : आमच्या केंद्रात टीबीसाठी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आता नमुने जीनएक्स्पर्टसाठी (थुंकीतल्या टीबीच्या जंतूंचा डीएनए यंत्रावर शोधणारी जनुकीय चाचणी) दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचं चाललं आहे. चाचणी महाग आहे, पण निकाल दोन तासांत येतो म्हणतात. रुग्णांचा खरंच फायदा होईल का?

उत्तर : चाचणी सरस आहे यात शंका नाही. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. जीनएक्स्पर्टला शे-दीडशे पुरतात, शिवाय रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबीही तिथेच कळतो. पण ते दोन तास यंत्राचे. रुग्णाचा उशीर मोजायचा तो नमुना दिल्यापासून पहिली गोळी घेईपर्यंत.

समजा, १०० खरे रुग्ण आले. तासाभराच्या अंतराने दोन नमुने घेतले, सूक्ष्मदर्शकाने ६० जण सापडले आणि त्याच दिवशी निकाल हातात पडला, तर बहुतेक साठही जण उपचाराला लागतात. जीनएक्स्पर्टने ८५ सापडले, पण निकाल चार दिवसांनी आला आणि तिघांतला एक परतलाच नाही, तर उरले ५७. महागडी चाचणी करून तीन जण कमीच! म्हणून खर्च दर चाचणीमागे काढू नका. उपचार सुरू झालेल्या दर रुग्णामागे काढा. त्यात नमुन्यांची वाहतूक, फुकट गेलेल्या कार्ट्रिज (यंत्रात घालायच्या, एकदाच वापरायच्या डब्या) आणि रुग्णाची बुडालेली मजुरीही धरा.

यंत्र केंद्रातच बसवता आलं तर उत्तम. चार कप्प्यांच्या यंत्रावर आठ तासांत १२ ते १६ चाचण्या होतात. त्याहून जास्त नमुने आले की रांग लागते आणि निकाल उद्यावर जातो. चाचणी चालू असताना वीज गेली तर ती कार्ट्रिज वाया जाते, म्हणून बॅटरीची सोय आधी करा. नमुना निव्वळ लाळ असेल तर चांगली चाचणीही हुकते. चूळ भरायला लावा, दोन-तीन खोल श्वास घेऊन मोकळ्या हवेत खोकायला सांगा. नमुने पाठवायचेच असतील तर रुग्णाचा फोन नंबर आणि घराची खूण नमुना घेतानाच लिहून घ्या. बाधित निकालाची वाट रुग्णाने पाहू नये, केंद्राने त्याला शोधावं. हे एवढं केलं तरी वरच्या हिशेबातले बरेच जण वाचतात.

प्रश्न : आधी छातीचा एक्स-रे काढून संशयितांचीच जनुकीय चाचणी केली तर?

उत्तर : कार्ट्रिज नक्की वाचतात. मात्र एक्स-रे त्याच आवारात आणि त्याच दिवशी व्हायला हवा. त्यासाठी दुसरीकडे पाठवलंत की गळतीची आणखी एक पायरी वाढली. एचआयव्ही असलेल्यांत एक्स-रे स्वच्छ दिसूनही टीबी असू शकतो. त्यांना या चाळणीतून गाळू नका.

प्रश्न : उपचार लागू पडतोय का, हे जीनएक्स्पर्टने पाहावं का?

उत्तर : नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात सापडतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चरच (नमुन्यातले जिवंत जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) करावं.