झेल राहू दे, फेक बघ

प्रिय मुली,

तुझा रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा व्हिडिओ पाहिला. क्लब, म्हणजे आपले ते बाटलीसारखे दोन दांडके, दोनदा पडले आणि दोन्ही वेळा तू स्वतःच्या तळहातांकडे रागाने बघितलंस. खाली लिहिलंयस, "ताई, माझा कॅचच कच्चा आहे." नाही गं. कॅच बरा आहे तुझा. ते क्लब झेलण्याजोगे येतच नव्हते.

तुझ्या वयाची असताना मी एक अख्खा सीझन नुसते झेल घोटवले. माझ्या मॅडम मात्र वर बघायच्याच नाहीत. क्लब हातातून सुटला की त्या पाठ फिरवून वहीत काहीतरी लिहायला लागायच्या, आणि लिहिता लिहिताच म्हणायच्या, "पुढे." नाहीतर, "मागे, डावीकडे." क्षणभरानं क्लब नेमका तिथेच आदळायचा. मला जादू वाटायची, आणि खरं सांगू, चीडही यायची. त्या फक्त माझा खांदा आणि मनगट बघत होत्या हे कळायला मला फार उशीर लागला.

हिशोब साधा आहे. हातापासून पाच मीटर वर गेलेल्या वस्तूला चढायला एक सेकंद लागतो आणि उतरायला एक. तेवढ्यात तुला शरीराच्या किमान दोन गिरक्या किंवा कोलांट्या पुऱ्या करायच्या असतात, तरच ती फेक गुणांसाठी 'रिस्क', म्हणजे जोखमीची फेक, म्हणून धरली जाते. या दोन सेकंदांत वस्तूवर तुझा काडीचाही ताबा नाही. हात खालून वर झुलत येतो, तेव्हा तो खांद्याच्या उंचीवर, नाकासमोर असताना वस्तू सुटली तर सरळ वर जाते. आधी सुटली तर पुढे पळते, उशिरा सुटली तर डोक्यावरून मागे. (पुढे कोलांटी घेणार असशील तर थोडं आधीच सोडायचं, तो मुद्दाम केलेला भाग.) तुझे दोन्ही क्लब मागे गेलेत. म्हणजे पडतील या धास्तीनं तू ते जरा जास्तच धरून ठेवतेस.

शिवाय नुसत्या मनगटानं झटका देतेस. फेक गुडघ्यातून यायला हवी. गुडघे किंचित वाकव, उठ, आणि त्या उठण्यातच हात सरळ वर जाऊ दे.

बॉल या बाबतीत सर्वांत प्रामाणिक. त्याला मुठीत पकडायची सोयच नसते, तो तळव्यावर टेकलेला असतो आणि बोटांच्या टोकांवरून घरंगळत सुटतो. म्हणून नवीन फेक मी नेहमी बॉलवर बसवते. हूपला सुटताना फिरकी लागते. फिरकी असली की तो आपलं प्रतल धरून राहतो, नसली की हवेत डुगडुगतो आणि कोणती कड हाती येईल सांगता येत नाही. क्लबची गोष्ट वेगळी. जेमतेम 150 ग्रॅमचा जीव, पण वजन सगळं जाड टोकाकडे, त्यामुळे हवेत किती वेढे घेईल त्यावर तुझ्या हाती बारीक टोक येणार की जाड, ते ठरतं. दोन्ही क्लब एकदम फेकताना वेढे सारखे पडले नाहीत तर जगातला कुठलाही कॅच उपयोगाचा नाही.

आणि रिबन! सीनियर गटात सहा मीटर, वजन अगदी नगण्य, आणि सगळ्यांत हट्टी. ती जिला बांधलेली असते ती काठी भाल्यासारखी फेकावी लागते, म्हणजे शेपूट मागोमाग ओढली जाते. हात मध्येच थबकला की शेपटीची लाट मरते आणि गाठ तिथेच बसते. दमट हवेत ती जड होते, एसीचा झोत असला की वाटेल तिकडे वाहते. स्पर्धेच्या हॉलमध्ये गेल्यावर आधी झोत कुठून येतो ते बघून घे. दोर सीनियर वैयक्तिक प्रकारातून गेला याचं मला अजून वाईट वाटतं. फेक चुकली की तो हवेतच ढेपाळायचा, लगेच कळायचं.

आता काम. पुढचे दोन आठवडे झेलायचं नाही. हूप जमिनीवर आडवा ठेव, त्याच्या मागे उभी राहा आणि बॉल असा फेक की तो त्या वर्तुळात पडेल. पडू दे. हात पुढे करायचा मोह होईल, म्हणून फेकल्यावर हात पाठीमागे बांध. दहापैकी सात आत पडायला लागले की क्लब घे. मग फेकल्याबरोबर डोळे मिट आणि मॅडमसारखं मोठ्यानं सांग, पुढे की मागे. तुझं उत्तर बरोबर यायला लागलं की गिरक्या जोडू.

पडण्याची लाज बाळगू नकोस. 2000 साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या अलिना काबाएवाचा हूप थेट चौकटीबाहेर गेला आणि तिला कांस्यावर थांबावं लागलं. चार वर्षांनी अथेन्समध्ये सुवर्ण तिचंच होतं. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत इस्रायलच्या लिनोय अश्रमच्या हातून रिबन पडली, तरी ती 0.15 गुणांनी जिंकली. पडल्यावर तिनं पुढचं सगळं नीट केलं. तू मात्र पहिला क्लब पडल्यापासून संगीताच्या मागेच धावत होतीस.

एक किरकोळ गोष्ट. व्हिडिओत तुझा हूप भिंतीला टेकवलेला दिसला. तो आडवा, सपाट ठेवत जा. तिरका ठेवलेला हूप हळूहळू अंडाकृती होतो आणि मग दोष आपण हाताला देतो.

पुढचा व्हिडिओ रविवारी पाठव. कॅमेरा असा लाव की कमरेपासून डोक्यापर्यंतच दिसशील. क्लब वर गेल्यावर कुठे पडला, ते मला दिसता कामा नये. मी सांगते, कुठे पडला ते.

तुझी,
ताई