आईला तिथे नीट बघतील ना?

"मॅडम, जागा एकदम मस्त आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, म्हणजे मी उद्याच पैसे भरून टाकते."

मागच्या एप्रिलमध्ये नागपुरातल्या मानेवाड्याहून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीचं हे वाक्य. मुलगी म्हणते आहे, पण वय ५२, बँकेत कर्ज विभागात नोकरी. तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल ते सगळं बदलून लिहिते आहे, कारण हाच प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो. आई-वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवायची वेळ आली, तर तिथे त्यांना नीट बघतील की नाही हे आधीच कसं ओळखायचं?

आईचं वय ८१. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर विसरणं वाढलं. रात्री दोनला उठून "घरी चल" म्हणायची. एजन्सीच्या तीन बाया बदलून झाल्या होत्या. दिवसा बाई झोपायची आणि आई एकाच कुशीवर पडून राहायची. माकडहाडावर जखम सुरू झाली तेव्हा मुलगी हादरली. भाऊ पुण्याला. तो म्हणाला, "ताई, तू ठरव, पैसे मी पाठवतो."

तिनं मोबाइलमधले फोटो दाखवले. चकचकीत रिसेप्शन, बाहेर लॉन, दारात गणपती, मोठा टीव्ही असलेला हॉल. मी विचारलं, "आईची खाट कोणती?" फोटो नव्हता. संडास-बाथरूम? नव्हता. रात्री किती पेशंटमागे किती माणसं? "२४ तास नर्स आहे म्हणाले." शिकलेली नर्स, की पांढरा कोट घातलेली मुलगी? ते विचारायचं राहिलं होतं.

ही बाई रोज लोकांच्या कर्जाच्या कागदावरची सही न सही तपासते. तिला प्रश्न सुचले नसतील, हे मला पटेना. मी तसं म्हटलं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "विचारलं असतं तर ते म्हणाले असते, एवढी काळजी आहे तर घरीच ठेवा ना."

गाडी अडते ती इथेच. आपण आईला टाकून देऊन राहिलो, ही टोचणी घेऊन माणूस तिथल्या ऑफिसात शिरतो आणि खुर्चीवर बसायच्या आधीच नमतो. समोरचा उपकार करतो आहे असं वाटतं, आणि उपकार करणाऱ्याला रात्रपाळीला कोण असतं हे कसं विचारायचं? फोटोही त्या टोचणीनंच काढलेले होते. ते मावशीला, काकूला दाखवायचे होते. आईला लॉनवर चालता येणार नव्हतं.

त्या दिवशी आम्ही केअर सेंटरबद्दल फारसं बोललोच नाही. घरी झालेल्या त्या जखमेबद्दल बोललो. ती माया कमी पडली म्हणून झाली नव्हती. हालचाल बंद झालेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. नोकरी करणारी एकटी बाई हे महिनोन् महिने करू शकत नाही. हे तिला मान्य व्हायला दोन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीला तिनं आपणहून वही आणली.

मी तिला एवढंच सांगितलं, की त्याच जागी न कळवता जा, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी, आणि अर्धा तास नुसती बस. सकाळी अकराला, फोन करून गेलं की सगळीच घरं आवरलेली असतात.

ती साडेसहाला गेली. आधी वॉर्डात सोडेनात. "पेशंट झोपले आहेत" म्हणाले. साडेसहाला सगळेच झोपलेले? ती हटली नाही. आत एका आजोबांच्या हाताला पट्टी बांधून खाटेच्या दांडीला अडकवलेली होती. दुसऱ्या एका आजींसमोर ताट होतं, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. पंधरा मिनिटांनी तिथली कामाची पोरगी आली आणि "जेवत नाही का?" म्हणून भरलेलं ताट घेऊन गेली. मग हिची नजर खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या, कूस बदलल्याच्या तक्त्यावर गेली. घड्याळात सात वाजले होते आणि तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. एकाच पेनानं, एकाच हाताच्या.

"मॅडम, असा कागद माझ्या टेबलावर आला असता ना, तर मी फाइल परत पाठवली असती," ती म्हणाली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. टोचणी बाजूला सरून तिची रोजची नजर परत आली होती.

दुसरी जागा बेसा भागातला एक जुना बंगला. लॉन नाही, कूलरचा आवाज मोठा. पण खोलीत लघवीचा वास नव्हता आणि तो झाकायला मारलेला फिनाइलचा भपकाही नव्हता. कमोडजवळ दोन्ही बाजूंना धरायला दांड्या होत्या. वाढणारी मावशी एका आजींची वाटी बाजूला काढत होती: "यांना वरणात सांबार चालत नाही, राग येते." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. चाळीस वर्षं जेवू घातलेल्या सुनेला असतं तसं ते ज्ञान. मी त्याला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त मोल देते.

तिनं तिथल्या बाईंना विचारलं, मागच्या वेळी इथे कोण पडलं होतं? "कोणीच पडत नाही" असं उत्तर आलं असतं तर मी उठून ये म्हणाले असते. म्हातारी माणसं पडतात. त्या बाईंनी सांगितलं, कोण पडलं, कधी, घरच्यांना किती वेळात फोन केला, आणि त्यानंतर खाट खाली कशी घेतली. शिवाय स्पष्ट बोलल्या, "नाकात नळी असलेला, ऑक्सिजनवाला पेशंट आम्ही घेत नाही. तेवढी सोय आमच्याकडे नाही." हा नकार मला सगळ्यात भरवशाचा वाटला.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने डोळ्यांसमोर येतात. त्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. वृद्धांना सांभाळणारी प्रत्येक जागा त्यात मोडत नाही, म्हणून तुमची नोंदणी नेमकी कसली आणि बोलावल्यावर येणारे डॉक्टर कोण, हे विचारायचं. बाकीचं लेखी घ्यायचं: डायपर-औषधं महिन्याच्या पैशांत की वेगळी, दवाखान्यात हलवायचं तर कोण नेणार, आई गेली किंवा परत आणली तर डिपॉझिटचं काय. झोपेची गोळी घरच्यांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाही, हेही. कुठे हेळसांड दिसली आणि कोणी ऐकेना, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात आई तिथे गेली. नागपूरचा मे, पारा ४५ कडे. म्हाताऱ्यांना तहान कळत नाही, पाणी कमी पडलं की बडबड आणि गोंधळ वाढतो, म्हणून दिवसभरात किती पाणी गेलं याची नोंद तिनं पहिल्याच दिवशी मागून घेतली. नंतर ती वेळ बदलून जात राहिली. कधी सकाळी सातला, कधी ऑफिसातून परस्पर.

तिसऱ्या आठवड्यात तिनं चादर उचलून पाहिली तर डाव्या टाचेवर लाली. बोटानं दाबलं तरी जात नव्हती. पूर्वीची ती असती तर घरी येऊन रडली असती. तिनं सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं रजिस्टर उघडलं. त्याच दिवशीची, सकाळी सव्वासातची नोंद होती: डावी टाच लाल, पोटरीखाली उशी दिली, टाच अधांतरी ठेवली, डॉक्टरांना कळवलं. मुलीनं परत चादर वर करून पाहिलं. उशी होती.