14 महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली तर निलगिरीचं तेल किती थेंब वापरावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी 14 महिन्यांची आहे, तीन दिवस नाक चोंदलंय, रात्रभर किरकिर करते. सासूबाई म्हणतात निलगिरीचे दोन थेंब झबल्याला लाव, आणि मैत्रिणीनं डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र, आणून दिलाय. तर थेंब किती घालायचे?

एकही नको. झबल्याला नको, उशीला नको, छातीला नको आणि ती झोपते त्या खोलीतल्या डिफ्यूझरमध्येही नको. का ते आता सविस्तर सांगतो, कारण घरात नुसतं "नको" सांगून भागत नाही.

माझं सातारा जिल्ह्यात औषधांचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. थंडी सुरू झाली की निलगिरीच्या छोट्या बाटल्या दिवसाला पाच-सहा तरी जातात. घेणाऱ्यांत निम्म्या आज्या असतात आणि त्यांना ते तेल नातवंडांसाठीच हवं असतं. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या बाटलीत काय आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. निलगिरी डोंगरात उटीच्या परिसरात ते 1843 च्या सुमारास लावलं गेलं आणि आपल्याकडे डोंगराचंच नाव झाडाला पडलं. तिथल्या थंड हवेत वाढणाऱ्या जातीच्या पानांतून वाफेवर तेल काढतात. 100 किलो ताज्या पानांमागे तेल निघतं जेमतेम किलो-दीड किलो. म्हणजे पिशवीभर पाल्याचा अर्क एवढ्याशा बाटलीत. निलगिरीचा पाला पाण्यात उकळून त्याची वाफ घेणं आणि हे तेल वापरणं यात केवढा फरक आहे हे यावरून लक्षात यावं. औषधी दर्जाच्या तेलात निदान 70 टक्के भाग सिनिओल नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. तो ओळखीचा झणझणीत वास त्याचाच, गुण त्याचा आणि धोकाही त्याचाच.

लहान बाळाच्या नाकाजवळ हे द्रव्य गेलं की कधीकधी घशातली श्वासाची वाट अचानक आवळली जाते. मोठ्या माणसाला ठसका लागून निभावतं, बाळाची वाट मुळातच अरुंद. म्हणूनच युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 30 महिन्यांखालच्या मुलांसाठी निलगिरी तेल वर्ज्य ठरवलंय. दुसरी गोष्ट फिट्सची. तापात आकडी येऊन गेलेल्या मुलांना आणि अपस्माराच्या रुग्णांना हे तेल देऊ नये, कारण सिनिओल आणि कापूर दोन्ही मेंदूला चेतवतात. नुसत्या वासानंतर फिट आल्याच्या नोंदी बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. खोबरेल तेलात कापूर कालवून बाळाच्या छातीला चोळायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, तीही याच कारणानं सोडा. अमेरिकेत कापराचं तेल 1982 मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं, ते पोटात गेल्यानं झालेल्या विषबाधांमुळे. चोळायच्या बामच्या डबीवरही दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. एकदा वाचून बघा.

आता सासूबाईंचा मुद्दा: "वास घेतला की नाक उघडतं, हा आमचा अनुभव आहे." अनुभव खोटा नाही. पण ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1983 मध्ये निरोगी माणसांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉलचा वास देऊन नाकातून जाणारी हवा उपकरणानं मोजली. नाक मोकळं झाल्यासारखं लोकांना वाटलं, मात्र हवेला होणारा अडथळा होता तेवढाच राहिला. हे वास नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या नसांना जागं करतात, त्यामुळे श्वास मोकळा वाटतो. मोठ्या माणसाला रात्री तेवढ्यानं झोप लागली तर तोही आरामच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. बाळाच्या बाबतीत मात्र तिच्या नाकातला शेंबूड तिथंच राहतो आणि धोका तेवढा वाढतो.

माझ्या घरात घडलेलं सांगतो. मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. उटीच्या सहलीतून आणलेली निलगिरीची मोठी बाटली गळायला लागली, म्हणून मी ते तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं. औषधं विकणारा माणूस मी, आणि लेबलसुद्धा काढलं नाही. संध्याकाळी वीज गेली, मुलाला खोकल्याची ढास लागली, आणि माझ्या आईनं मेणबत्तीच्या उजेडात त्याला चमचा भरून दिला. त्यानं अर्धं थुंकलं, अर्धं गिळलं. वासावरून आईच्या लगेच लक्षात आलं आणि तिनं मला दुकानात फोन केला. मी घरी पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्यात तो गुंगीत गेला होता, हाक मारली की डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. त्याच्या श्वासाला निलगिरीचा वास येत होता. रात्रभर दवाखान्यात ऑक्सिजन लावून देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला आणि पोळी मागितली. आई त्यानंतर कितीतरी महिने त्याच्या औषधाच्या बाटलीला हात लावत नव्हती. चूक तिची नव्हती, माझी होती.

चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली तेल, लहान मुलाला बेशुद्ध करायला पुरतं. असं कधी झालंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठपाणी पाजू नका. उलटीबरोबर हे पातळ तेल फुप्फुसात उतरलं तर ते जास्त वाईट. बाटली सोबत घ्या आणि तडक मोठ्या दवाखान्यात जा, वाहन नसेल तर 108 ला फोन करा. "बरा दिसतोय, बघू थोडा वेळ" असं करत घरी थांबू नका, गुंगी काही मिनिटांतही येऊ शकते.

मग मुलीसाठी करायचं काय? दुकानात नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, सलाइन ड्रॉप्स म्हणून मागा. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि शेंबूड मऊ कापडानं पुसा किंवा रबरी फुग्याच्या पंपानं हलकेच ओढून घ्या. एका वेळी कमी पण वारंवार पाजा. भाताची पेज, वरणाचं कोमट पाणी चालेल. वाफेचं भांडं तिच्याजवळ आणू नका. सांडलेल्या वाफाऱ्याच्या पाण्यानं भाजलेल्या मुलांसाठी मलम न्यायला येणारे आईबाप मी दर हिवाळ्यात बघतो.

सासूबाईंना एक काम सांगा, त्या माझ्यापेक्षा नीट करतील. मुलगी शांत झोपलेली असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर तिचे श्वास मोजायचे. तिच्या वयाला मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ती दूध घेत नसेल किंवा सुस्त पडली असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यातलं काही नसेल तर साधी सर्दी बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत उतरते.

तुमच्या घरातल्या मोठ्यांसाठी निलगिरी जरूर ठेवा, फक्त नीट वापरा. वाफाऱ्यासाठी गॅस बंद करून भांडं खाली घ्या, पाण्याची उकळी बसू द्या आणि मग दोनच थेंब टाका, डोळे मिटून घ्या. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, म्हणून आंघोळीच्या पाण्यातही थेट ओतू नका. ते तसंच कातडीला चिकटून चुरचुरतं. गुडघ्याला किंवा पाठीला चोळायचं असेल तर 30 मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात 12 थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के झालं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. नाकात थेंब म्हणून कुठलंच तेल घालायचं नाही, अगदी मोठ्यांनीही. आणि ज्यांना दमा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफारा घेऊ नये, काहींचा दमा याच वासानं उसळतो.

डिफ्यूझर लावायचा तर मुलगी नसेल त्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, तीन थेंब आणि अर्धा तास. घरात मांजर असेल तर तेही नको, मांजराच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत. दिव्याच्या किंवा उदबत्तीच्या शेजारी बाटली ठेवू नका, हे तेल पेट घेतं.

तेल चांगलं आहे का ते बघायला पांढऱ्या कागदावर थेंब टाका. शुद्ध तेल उडून जातं आणि डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळलंय. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही, म्हणून सुट्टं न घेता लेबलवर सिनिओलचं प्रमाण छापलेली सीलबंद बाटलीच घ्या.

ती बाटली आज रात्रीच कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवा, खोकल्याच्या औषधांपासून लांब. आणि मुलीचे श्वास किती भरले ते इथे लिहा, मी उत्तर देईन.