‘एलियन’ या विज्ञानपटाची पूर्वकथा सांगणारा ‘प्रॉमिथिअस’ पाहून ‘एलियन’चे जुने चाहते नाराज का होतात?

मुख्य घोळ ठिकाणाचा. १९७९च्या ‘एलियन’मधलं पडीक यान एलव्ही-४२६ नावाच्या दूरच्या चंद्रावर सापडतं, २०१२चा ‘प्रॉमिथिअस’ घडतो एलव्ही-२२३ या दुसऱ्याच चंद्रावर. म्हणजे ‘प्रॉमिथिअस’च्या शेवटी कोसळतं ते यान वेगळंच. हे लक्षात न घेता बसलं की धागे जुळतच नाहीत. त्यात ‘एलियन’मधल्या यानात खुर्चीतूनच उगवल्यासारखा दिसणारा तो अश्मीभूत अवाढव्य जीव इथे सूट घातलेला, माणसासारखाच निघतो. गूढ तिथेच संपलं. आणि नकाशा काढणारी उडती यंत्रं सोडणारा भूवैज्ञानिकच वाट चुकतो, ही तर हद्द झाली! मायकल फासबेंडरने साकारलेला डेव्हिड हा यंत्रमानव मात्र एक नंबर. नुसत्या त्याच्यासाठी पाहिला तरी पैसे वसूल. ‘प्रॉमिथिअस’मध्ये सापडणाऱ्या घातक काळ्या द्रवाचं पुढे काय होतं, ते २०१७च्या ‘एलियन: कव्हेनंट’ या पुढच्या भागात कळतं.