टाळ

प्रिय मिनू,

काल बेबीमावशीच्या लग्नाचा जुना व्हिडिओ बघताना तू विचारलंस, "आई, आपण ख्रिश्चन ना? मग आजी देवळातल्यासारखे टाळ वाजवत का गातेय? हे आपण कॉपी केलंय का?" मी "नंतर सांगते" म्हणून स्वयंपाकघरात गेले. तो "कॉपी" शब्द लागला गं मला.

इंदूरच्या घरी रविवारी तिन्हीसांजेला चटई अंथरायची. आजोबा पेटीवर, आजीकडे टाळ. पितळी, लाल दोरीचे. एकाच्या कडेचा टवका उडालेला, त्यामुळे नाद जरासा चिरका यायचा. गाणं संपलं की आजीची बोटं काळपट झालेली असायची. चिंचेचा कोळ घेऊन ती आधी टाळ घासायची, मग बोटं. म्हणायची ते नारायण वामन टिळकांचे अभंग. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी कधी सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत.

चर्चमध्ये मात्र टाळ नसायचे. एका वडीलधाऱ्यांनी आजीला एकदा सांगितलं, "बाई, हे घरीच बरं." आणि रामबागेतल्या मैत्रिणी विचारायच्या, "तुमच्यात पण अभंग असतात?" जिन्यात त्यांचा आवाज आला की मी टाळ उशीखाली सरकवायचे. आजीने एकदा पाहिलं. काही बोलली नाही, फक्त उशी उचलून टाळ पुन्हा पेटीवर ठेवले. ते मला अजून सलतं.

कॉपीचंच म्हणशील, तर 1877 मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदूरला आले, आपण आता राहतो त्याच देशातून. चर्चमधल्या त्या परदेशी चाली आपण शिकून घेतलेल्या. टाळ आजीच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या होते. धर्म बदलला म्हणून तिच्या आजोबांनी भाषा टाकली नाही, मग टाळ का टाकायचे? पण खरं सांगू? माझ्याही मनात कधीतरी येतं, ज्या चालीवर लोक शतकानुशतकं विठोबाला आळवत आले, तीच चाल आमच्या तोंडून ऐकताना एखाद्या वारकऱ्याला काय वाटत असेल? आजीला विचारायला हवं होतं. राहून गेलं.

तू टाळ हातात घ्यावेस म्हणून हे लिहीत नाहीये. टिळकांच्या लक्ष्मीबाईंनी तरी कुठे लगेच नवऱ्यामागून बाप्तिस्मा घेतला? त्यांनी घेतला तो 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. तुलाही तेवढा वेळ आहे, आणि नाहीच पटलं तरी मी रुसणार नाही.

टाळ माझ्या कपाटात आहेत, वरच्या खणात. दोरी पार विरली आहे. नवी आणलीय, पण आतली गाठ मला घट्ट बसवता येत नाही. शनिवारी जरा धरशील?

तुझी,
आई