पहाटेचे डबे आणि अपुरी झोप

प्रश्न : मध्यरात्री जाग येते, मग डोळा लागत नाही. पहाटे ह्यांचा सातपूरच्या कंपनीचा डबा, मुलांचे वेगळे. जीव मेटाकुटीला येतो. – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आधी संध्याकाळचा सहाचा चहा सोडा, त्यातलं निम्मं कॅफीन साधारण ५ तासांनीही अंगात असतं. रात्री खिचडीच करा: वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, हिंग, ४ वाट्या पाणी. कुकर लावा, वरून तूप, आणि आठच्या आत जेवा. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी फोडणीला टाकली की झालं. डबे मात्र ज्याचे त्यानं भरावेत, हे मी अगदी ठासून सांगते! आठवड्यातून ३ रात्री, असं ३ महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. मनानं गोळ्या घेऊ नका.