३०० फूट कोरडं गेलेलं बोअर ७०० फुटांपर्यंत नेलं तर पाणी लागेल का?

तुमचा प्रश्न असा : पारनेरकडचं रान, ४० फुटांची जुनी विहीर मार्चला तळ गाठते, ३०० फुटांचं बोअर कोरडं गेलं, बांधापलीकडे शेजाऱ्याला मात्र १२० फुटांत पाणी लागलं. बोअरवाला म्हणतो, खाली मोठा झरा आहे, ७०० पर्यंत जाऊ.

जाऊ नका. ‘खाली झरा आहे’ या एका वाक्यावर आपल्याकडे इतकी कर्जं झाली आहेत की ते ऐकलं की चीड येते, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक. थरात खाली घट्ट काळा पाषाण, वर मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा दगड, दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा गेरू. अखंड पाषाणात पाणी नसतंच. ते मुरमात असतं, मांजऱ्यात असतं आणि भेगांत असतं. मांजऱ्याची भोकंही बऱ्याचदा पांढऱ्या खनिजाने बुजलेली असतात, एकमेकांना जोडलेली नसतात. म्हणजे तिथेही भेग हवीच. आणि खोल जावं तशा वरच्या भाराने भेगा मिटत जातात. म्हणून बहुतेक गावांत कामाचं पाणी वरच्या २०-३० मीटरांतच आहे.

आता साठा किती ते पाहा. झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टमधून उपसता येणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तेवढ्या रानाखाली पातळी १ मीटर उतरली की हाती येतं सुमारे ८१,००० लिटर. तासाला १८,००० लिटर फेकणारी मोटर ते साडेचार तासांत ओढते. त्याच एकराला ५ सेंटीमीटरची एक पाळी द्यायला २ लाख लिटर लागतात, म्हणजे पातळी अडीच मीटर खाली. उसाच्या पाळ्या मोजा आणि खाली कोणता समुद्र आहे ते तुम्हीच ठरवा.

बोअर चालू असताना बाहेर पडणारा चुरा कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सगळं त्यात लिहिलेलं असतं. आधी पिवळसर मुरूम येतो. मग राखाडी, पिठासारखी कोरडी धूळ, तो पाषाण. धुळीत पांढरे-हिरवट कण दिसू लागले की मांजऱ्या. तांबडा चिकट गाळ आला की गेरू. धूळ थांबून ओले गोळे पडायला लागले तर ओल लागली, आणि हातोडा एकदम सैल उतरला तर भेग. तुमच्या ३०० फुटांत यातलं काय, किती फुटांवर आलं? हे माहीत नसेल तर पुढचे ४०० फूट निव्वळ जुगार आहे.

केसिंगचं, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपचंही तेच. मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग पाषाणापर्यंत टाकतात, ते बरोबर. पण साधा, बिनछिद्री पाइप टाकून ज्या थरात पाणी आहे तोच झाकला जातो आणि बोअरला कोरडं म्हणतात. केसिंग पाषाणात नीट बसलं नाही तर उलटं होतं. वरचं पाणी बाजूने घसरतं आणि खालच्या भेगेत निघून जातं. रात्री सगळं शांत असताना बोअरच्या तोंडाला कान लावा. पाणी पडल्याचा आवाज आला तर तुमच्या विहिरीचं पाणी तिथून गळतंय. विहीर बोअरनंतर लवकर आटू लागली असेल तर ते भोक तळापासून चिकणमातीने किंवा सिमेंटच्या रबडीने बुजवा. नुसती खडी टाकून उपयोग नाही.

शेजाऱ्याला भेग सापडली, तुम्हाला नाही. झऱ्याचा संबंध नाही. नारळ आणि काटकी घेऊन पाणी दाखवणाऱ्यांनाही ती भेग दिसत नाही. आणि पाणी जमिनीखाली नदीसारखं धावत नाही. मुरमाची वाहकता (पाणी जाऊ देण्याची क्षमता) रोज २ मीटर, पातळीचा उतार १०० मीटरला १ मीटर आणि पोकळी २ टक्के धरली तर वेग निघतो दिवसाला १ मीटर. बांधावर मुरवलेलं पाणी २०० मीटरवरच्या विहिरीत यायला साडेसहा महिने. मात्र उताराने नाल्याकडे ते सतत सरकत राहतं, म्हणून माथ्याच्या विहिरी आधी आटतात.

माझं मत : पैसा जुन्या विहिरीवर घाला. गाळ काढा. मग उपसा बंद करून रात्रभर पातळी किती चढते ते मोजा. २० फूट व्यासाच्या विहिरीत १० सेंटीमीटर म्हणजे सुमारे २,९०० लिटर. तळाला मांजऱ्या असेल तर तिथून आडवी बोअरं घ्या. पाणी लवकर येईल, पण साठा वाढणार नाही. तो वाढतो फक्त वरच्या अंगाला पाणी मुरवून.

हे सगळं बेसाल्टचं. तापी-पूर्णेच्या गाळात, रावेर-यावलकडे, हिशोब वेगळा. तिथे वाळूचे थर खोलवर आहेत. बेसाल्टमध्येही क्वचित खोल भेगेला पाणी लागतं, पण तिचं पुनर्भरण सावकाश होतं. दोन-तीन उन्हाळ्यांत तिचं पाणी उतरतं. शिवाय राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे.

तरीही नवं बोअर घेणारच असाल तर दर २० फुटांचा चुरा वेगळ्या पिशवीत, वर फूट लिहून ठेवायला सांगा. पाणी लागलं की पत्र्यात कापलेल्या ९० अंशांच्या V आकाराच्या खाचेतून वाहवून मोजा. खाचेत २ इंच उंची म्हणजे तासाला सुमारे २,९०० लिटर, ३ इंच म्हणजे जवळपास ८,०००. ‘दोन इंची पाणी’ ऐकून पाच एचपीची मोटर घेऊ नका. कॉम्प्रेसरने उडणारं पाणी टिकणारं नसतं, आधी काही तास सलग उपसून पातळी कुठे थांबते ते पाहा.